स्कोर: पावसाळ्यापासून रोज वापरल्यानंतर

पावसाळ्यापासून आमच्या बहुतेक सर्व्हिस स्कोरवर आहेत. ॲपच्या प्रत्येक भागाला काय लागतं ते एकदाच लिहायचं हे टूल. काम लातुरातलं: अडत्यांसाठी सोयाबीन-तुरीची आवक, सौदा आणि शेतकऱ्याची हिशेबपट्टी सांभाळणारं ॲप. ॲपचे कंटेनर लॅपटॉपवर डॉकर कम्पोज चालवतं, प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापराच्या सर्व्हरांवर, कुबरनेटिस. आधी एक सेटिंग बदललं की दोन्हीकडे हात घालावा लागायचा.

आता सर्व्हिसमागे एकच यामल फाइल, म्हणजे साध्या मजकुरातली सेटिंग फाइल. कंटेनर कोणता, पोर्ट कुठला, सोबत काय लागतं. पोस्टग्रेस डेटाबेस हवा तर रिसोर्सेसखाली नाव द्यायचं, टाइप लिहायचा, झालं. होस्ट आणि पासवर्डच्या जागी डॉलरपुढच्या महिरपी कंसात त्याचा नुसता संदर्भ. त्याच फाइलवरून स्कोर-कम्पोज कम्पोज फाइल बनवतं आणि स्कोर-केएटएस कुबरनेटिसचे मॅनिफेस्ट, म्हणजे त्याच्या सेटिंग फाइली. उदगीरहून नवीन आलेल्या मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, डेटाबेसचा पासवर्ड कुठं टाकायचा?"

"टाकायचाच नाही."

तिनं जनरेट चालवलं, मग कम्पोज अप. पोस्टग्रेस उभा राहिला, पासवर्डही आपोआप तयार झाला, आणि जेवायच्या सुट्टीआधी हिशेबपट्टी तिच्या स्क्रीनवर होती. एवढ्यासाठी मी हे टूल कुणालाही सुचवीन.

खरी मेहनत प्रोव्हिजनरमध्ये आहे, म्हणजे फाइलमध्ये मागितलेली गोष्ट प्रत्यक्ष उभी करून देणाऱ्या भागात. स्कोर-केएटएससोबत येणारा पोस्टग्रेस प्रोव्हिजनर क्लस्टरच्या (कुबरनेटिसच्या सर्व्हरांच्या समूहाच्या) आतच डेटाबेस उभा करतो. चाचणीला ठीक, लोकांच्या पैशाचा हिशेब त्यावर ठेवायची माझी तयारी नाही. मॅनेज्ड (देखभाल बाहेरची कंपनी करते असा) डेटाबेस जोडणारा प्रोव्हिजनर आम्ही स्वतः लिहिला. गो भाषेतले टेम्प्लेट येत असतील तर जमतं, पण हे सांभाळणारं एक तरी माणूस टीममध्ये हवं. नसेल तर या वाटेला जाऊ नका.

याच कामाचं मायक्रोसॉफ्ट-अलीबाबाचं 2019 चं ओपन ॲप्लिकेशन मॉडेलही पाहिलं होतं. आमच्याएवढ्या टीमला ते जड वाटलं. स्कोर ह्युमॅनिटेक कंपनीनं 2022 मध्ये आणलं, 2024 पासून ते सीएनसीएफ या ओपन-सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेच्या सँडबॉक्समध्ये (सुरुवातीच्या टप्प्यात) आहे. एकाच कंपनीच्या हातात नाही, म्हणून माझा जीव निश्चिंत.

रेप्लिका, म्हणजे सर्व्हिसच्या एकाच वेळी चालणाऱ्या प्रती, किती, हे स्कोरच्या स्पेकमध्ये (फाइलच्या ठरलेल्या मांडणीत) नाही. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक चढली तेव्हा यावरून ऑफिसात चांगलाच वाद झाला. मला ते बरोबर वाटतं: लॅपटॉपला एक पुरतो, हंगामात जास्त लागतात, तो आकडा ज्या-त्या ठिकाणच्या सेटिंगमध्येच असावा. पण रात्रीच्या जॉबची वेळ लिहायलाही स्पेकमध्ये जागा नाही, हे मात्र खुपतं. दिवसभराच्या भावांचा गोषवारा काढणारा क्रॉनजॉब अजून आम्ही हातानं लिहिलेल्या मॅनिफेस्टवरच चालवतो.