‘जाड’पुढे नुसती लेव्हल पुरत नाही : मोबाइलवरचे ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात रब्बीच्या दिवसांत शेतीपंपाची थ्री फेज लाइन बरेचदा रात्रीच असते, त्यामुळे हरभऱ्याचे ओलीत करायचे तर वावरात जागे राहण्यावाचून गत्यंतर नसते. स्प्रिंकलरचे पाइप एकदा बदलले की पुढचे दोन-अडीच तास मोकळे मिळतात. गेल्या दोन हिवाळ्यांत हे तास मी ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ या ऑनलाइन खेळाला दिले. ऑनलाइन खेळात खेळणाऱ्याचा हात मोठा की पात्राची वाढलेली लेव्हल मोठी, हा प्रश्न मला फार दिवसांपासून सतावत होता. त्याचे मला पटलेले उत्तर या खेळात मिळाले, म्हणून हे सविस्तर परीक्षण.

केंब्रिजच्या जॅजेक्स कंपनीने ऑगस्ट २००७ मधल्या जुन्या प्रतीवरून हा खेळ फेब्रुवारी २०१३ मध्ये पुन्हा सुरू केला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तो मोबाइलवर आणला. लाकूडतोड, मासेमारी, खाणकाम, स्वयंपाक, लढाई अशा प्रत्येक कौशल्याची वेगळी लेव्हल असते आणि ती ९९ पर्यंत वाढते. ९९ साठी १,३०,३४,४३१ अनुभवगुण लागतात. पण ९२ व्या लेव्हलला पोहोचतो तेव्हा आपण जेमतेम अर्धी वाट चाललेलो असतो, कारण तिथवर ६५,१७,२५३ च गुण झालेले असतात. पन्नासावी लेव्हल तर एकूण वाटेच्या एक टक्काही नाही. माझ्या भाच्याने पहिल्यांदा माझा खेळ पाहिला, तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मामा, हा माणूस तं नुसता लाकडंच तोडून राह्यला, खेळते कवा मंग?”

त्याचा आक्षेप खोटा नाही. तो स्वतः जो बंदुकीचा खेळ खेळत असे, त्यात नेम कितीही चांगला असला तरी पैसे मोजून बंदूक वाढवलेल्या मुलासमोर त्याचा टिकाव लागत नसे. दोन वर्षे खेळून त्याने तो खेळ अखेर फोनमधून काढून टाकला. तिथे लेव्हल विकत मिळत होती आणि तिने हात झाकून टाकला होता. रूनस्केपमध्ये लेव्हल बहुतांशी वेळ देऊनच मिळते, आणि पुढे एका ठिकाणी खेळ आपला हात तपासतोच.

ते ठिकाण म्हणजे ‘फाइट केव्ह्स’ नावाची गुहा. शत्रूंच्या ६२ लाटा संपवल्यावर ६३ व्या लाटेत त्झटॉक-जाड नावाचा राक्षस येतो, ज्याला सगळे नुसते ‘जाड’ म्हणतात. त्याचा फटका नव्वदीच्या वर जाऊ शकतो. माझ्या पात्राचे आयुष्य तेव्हा ७५ होते. वाचायचा उपाय एकच. जाड मागच्या पायांवर उठून पुढचे पाय लोंबते ठेवतो, तेव्हा जादूपासून रक्षण करणारी ‘प्रेयर’, म्हणजे पात्राने म्हणायची प्रार्थना, लावायची. त्याने पुढचे पाय जमिनीवर आपटले की बाणांपासून रक्षण करणारी. या दोन प्रेयरची चिन्हे पडद्यावर शेजारी शेजारी आहेत, आणि जाड दर ४.८ सेकंदांनी पुन्हा हल्ला करतो. त्याचे आयुष्य निम्म्यावर आले की त्याला बरे करणारे चार मदतनीस धावून येतात. त्यांना आपल्याकडे ओढताना नजर जाडच्या पायांवरून क्षणभर हटली, की तास-सव्वा तासाची मेहनत पाण्यात जाते. माझी ती चार वेळा गेली. त्यातली एकदा नेटवर्क तुटल्यामुळे.

प्रेयर हेही लेव्हल असलेले एक कौशल्यच आहे, आणि व्यवहारात तिची लेव्हल ४३ असल्याशिवाय या लढाईला जाण्यात अर्थ नाही. तेव्हा वाढ लागतेच. मात्र ४३ नंतर ती ७० झाली म्हणून जाडचे पाय ओळखता येत नाहीत. तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. सरकीची ढेप आणि रोजची मेहनत देऊन बैलजोडी वर्षानुवर्षे तयार करावी लागते, तरी पटावर निकाल लागतो तो काही सेकंदांत, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हातात कासरा असताना. कमकुवत जोडी चांगल्या धुरकऱ्याला तारत नाही आणि कच्चा धुरकरी उमद्या जोडीचे चीज करत नाही.

गावाकडच्या खेळाडूसाठी आणखी एक गोष्ट फार मोलाची आहे. हा खेळ ०.६ सेकंदांच्या ठोक्यावर चालतो, त्याला खेळाडू ‘टिक’ म्हणतात. वावरात नेटवर्कच्या दोन काड्या असल्या तरी माझी आज्ञा बहुधा वेळेत पोहोचते, आणि शहरातल्या वेगवान इंटरनेटवाल्यासमोर मी केवळ त्या कारणाने हरत नाही. साधा फोन चालतो, डेटाही अगदी थोडा लागतो.

उणिवाही आहेत. फाइट केव्ह्स पैसे भरून घ्यायच्या मेंबरशिपमध्ये येते, मोफत भागात नाही. खऱ्या पैशांनी ‘बाँड’ घेऊन तो खेळातल्या सोन्याच्या नाण्यांवर विकता येतो, आणि त्या नाण्यांतून हाडे विकत घेऊन आणि ती पुरून प्रेयर भराभर वाढवता येते. हे मला खटकते. जाडला हरवून मिळणारा अग्निझगा मात्र बाजारात विकताही येत नाही आणि घेताही येत नाही, हा निर्णय मला मनापासून आवडला. सगळा मजकूर इंग्रजीत आहे आणि छोट्या पडद्यावर बोट चुकते. लेव्हल ६० ते ८० चा टप्पा इतका लांबतो, की मी मधले दोन महिने खेळ बंदच ठेवला होता.

माझा अग्निझगा पाचव्या प्रयत्नात, पहाटे तीनच्या सुमारास आला. तोवर पाइप बदलायची वेळ टळून गेली होती आणि हरभऱ्याच्या एका पट्ट्यात पाणी साचले होते, म्हणून आता जाडकडे जायचे ते पाइप बदलल्याबरोबरच, हे मी ठरवून टाकले आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र मेंबरशिपचे पैसे लगेच भरू नयेत. मोफत भागातच प्रेयर ४३ पर्यंत न्यावी आणि तिच्या त्या दोन चिन्हांमध्ये बोट न बघता फिरू लागेल इतका सराव करावा. त्यासाठी एक हिवाळा पुरतो.