बोलण्यातला वंशभेद ओळखायला शिकवणारी कार्यशाळा: निम्मं काम चोख, निम्मं राहिलेलं

कंपन्यांसाठी घेतली जाणारी ही अडीच तासांची कार्यशाळा, एका तुकडीत २५ जण. ईशान्य भारतातल्या सहकाऱ्यांना आपण बोलता बोलता परकं कसं ठरवतो, एवढाच विषय. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांना त्याची नितांत गरज आहे.

पहिली ३० मिनिटं इतिहासात जातात. 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' (रोजच्या बोलण्या-वागण्यातला छोटा, अनेकदा नकळत केलेला अपमान) हा शब्द हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ चेस्टर पीअर्स यांनी १९७० च्या सुमारास आणला. डेराल्ड विंग सू आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्याचे तीन प्रकार मांडले: मुद्दाम टोचणं, नकळत कमी लेखणं आणि समोरच्याचा अनुभवच नाकारणं. माहिती अचूक, पण सगळी अमेरिकेतली. दिल्लीत मारहाण झालेल्या अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर, ईशान्येच्या लोकांच्या प्रश्नांवर नेमलेल्या बेझबरुआ समितीचा २०१४ चा अहवाल आपल्याकडचाच, त्याचा उल्लेखही नाही.

खरी कमाई आहे ती वाक्यांच्या कार्डांची. एक कार्ड असं:

'तू कुठली?' 'इम्फाळची.' 'ते झालं गं, पण मूळची कुठली?'

इथे तुकडीतलं कोणीतरी म्हणतंच, 'आम्ही सगळ्यांनाच मूळ गाव विचारतो.' खरंच विचारतो. पण नाशिकच्या मुलीने 'मूळचे साताऱ्याचे' म्हटलं की विषय संपतो. इम्फाळच्या मुलीकडून मात्र नेपाळ किंवा चीन ऐकू येईपर्यंत प्रश्न थांबत नाही. पहिला प्रश्न चौकशीचा, दुसरा तिचं उत्तर खोटं ठरवणारा. हा फरक प्रशिक्षक घाई न करता उलगडतात, त्यासाठी पैकीच्या पैकी गुण. (आडनावावरून जात काढण्याचा प्रश्न याच्याच शेजारचा, पण त्याला स्वतंत्र सत्र हवं.) डब्याचं कार्डही नेमकं आहे: आखुनीला, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनला, 'कसला वास हा!' म्हणणाऱ्याच्या घरी सुकट भाजतातच.

घसरण होते ती प्रसंगनाट्यात. तुकडीत ईशान्येची एकच व्यक्ती असली की सगळे तिच्याकडे वळतात, 'तुला काय वाटतं?' म्हणून. तिने सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, हाही त्रासच. कोणालाही स्वतःच्या अनुभवाबद्दल विचारायचं नाही, हे प्रशिक्षकांकडून आधीच कबूल करून घ्या.

आणि लक्षात आल्यावर करायचं काय, याला शेवटची जेमतेम १५ मिनिटं. तक्रार आल्यावर मॅनेजरचं पहिलं वाक्य बहुधा 'त्याच्या मनात तसं काही नव्हतं' हे असतं, आणि तो नेमका सू यांचा तिसरा प्रकार, अनुभवच नाकारण्याचा. त्याऐवजी 'काय बोलणं झालं ते सांग' म्हणायचा सराव हवा. चुकलेल्याने 'मी चुकीचं बोललो, पुन्हा बोलणार नाही' एवढंच म्हणून थांबावं. खुलासा लांबला की जिला बोललं गेलं तिलाच त्याची समजूत काढत बसावं लागतं. शेजारी बसलेल्याने तिथल्या तिथे 'इम्फाळची म्हणाली ना ती' म्हणावं आणि बोलणं पुढे न्यावं.

बोलावणार असाल तर इतिहास ५ मिनिटांत आवरायला सांगा, उरलेला वेळ या सरावाला द्या आणि मॅनेजरांची तुकडी वेगळी घ्या. वरिष्ठ समोर असले की कार्डांवर कोणी तोंड उघडत नाही.