हॅमस्टर उत्तम, किट टाकाऊ: गंगापूर रोडवरील एका पेट शॉपचा अनुभव

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील ज्या दुकानातून आमच्या घरी हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) आला, त्या दुकानाविषयी आणि त्याहूनही अधिक तेथे प्राण्यासोबत गळ्यात मारल्या जाणाऱ्या ‘संपूर्ण किट’विषयी हे लिहीत आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हेच किट शहरातील इतर दुकानांतही मी पाहिले असून दोष एकाच्या माथी मारणे योग्य होणार नाही.

आधी जमेची बाजू सांगते. प्राणी निरोगी होते. डोळे स्वच्छ, नाक कोरडे आणि मुख्य म्हणजे शेपटीखालचा भाग सुका होता. नुकत्याच आईपासून तोडलेल्या पिल्लांना प्रवासाच्या व जागाबदलाच्या ताणाने जुलाबाचा जो आजार होतो, त्यात शेपटीकडचा भाग ओला दिसतो आणि पिल्लू दोनतीन दिवसांतही दगावू शकते. त्यामुळे विकत घेताना प्राणी उलटा करून तेवढे पाहावेच. नर आणि मादी वेगळ्या खोक्यांत ठेवलेले होते, हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. सीरियन जातीच्या हॅमस्टरची मादी साधारण 16 दिवसांत विते आणि एकत्र ठेवलेल्या पिल्लांमधून आणलेली ‘एक’ मादी घरी आल्यावर आठ-दहा पिल्ले देऊ शकते. केंद्र सरकारच्या 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार हॅमस्टर, गिनीपिग किंवा ससे विकणाऱ्या दुकानालाही राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. येथे ते प्रमाणपत्र गल्ल्यामागे लावलेले होते.

मात्र विक्रेत्याचा सल्ला ऐकून मी थक्क झाले. “ताई, जोडीच न्या, एकटा कंटाळतो,” असे तो मला आणि माझ्यानंतर आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगत होता. गिनीपिगच्या बाबतीत हे खरे आहे. तो कळपातला प्राणी असून एकटा खरोखर झुरतो. सीरियन हॅमस्टर मात्र वयात आल्यावर दुसऱ्याला सहन करत नाही, आणि एका पिंजऱ्यातील जोडीचा शेवट बहुतेक वेळा रक्तबंबाळ होण्यात होतो. दुकानातली पिल्ले एकमेकांच्या अंगावर झोपलेली दिसतात ती केवळ वय लहान असते म्हणून.

आता किटकडे वळू. त्यात रंगीत प्लास्टिकच्या तळाचा जाळीदार पिंजरा, एक चाक, पाण्याची बाटली, भुश्याची पिशवी आणि दाण्यांचे पाकीट असते, आणि या सगळ्याची किंमत प्राण्याच्या कित्येक पट असते. चाकाला टेप लावली तेव्हा व्यास 14 सेंटिमीटर भरला. सीरियन हॅमस्टरला किमान 28 सेंटिमीटरचे चाक हवे, अन्यथा धावताना त्याची पाठ सतत मागे वाकलेली राहते. शिवाय या चाकाला सलग पृष्ठभागाऐवजी काड्या आहेत आणि त्या फटींत पाय अडकून मोडू शकतो. पिंजऱ्याचा तळ जेमतेम वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढा आहे. 100 सेंटिमीटर लांब व 50 सेंटिमीटर रुंद जागा आणि बीळ खणता येईल असा वीतभर जाडीचा थर, ही माझ्या मते किमान गरज आहे. जुनी मोठी काचेची टाकी आणि वर सुताराकडून करून घेतलेले जाळीचे झाकण यावर हे काम सहज भागते.

भुश्याच्या पिशवीवर लाकडाचे नाव नाही. विचारल्यावर ‘पॅकिंगच्या खोक्यांचा आहे’ असे उत्तर मिळाले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे जाणारी अशी खोकी बरेचदा पाइनची असतात, आणि भट्टीत न वाळवलेल्या पाइनच्या किंवा देवदाराच्या भुश्यातील उग्र तेले या प्राण्यांच्या श्वसनमार्गाला व यकृताला त्रासदायक ठरतात. कोऱ्या कागदाच्या पट्ट्या याहून कितीतरी बऱ्या. किटमधला कापूस तर थेट कचऱ्यात टाकावा, कारण त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि गिळले गेल्यास आतड्यात अडकतात. बाटली तेवढी ठीक आहे; फक्त नळीतील गोळी अडकत नाही ना, हे रोज बोटाने दाबून पाहावे.

उन्हाळ्याविषयी दुकानात कोणी चकार शब्द काढत नाही, आणि नाशिककरांनी सर्वाधिक विचार नेमका त्याचाच करायला हवा. ‘सीरियातला प्राणी, उन्हाची सवय असणारच’ ही समजूत चुकीची आहे. पाळीव सीरियन हॅमस्टरची बहुतेक वंशावळ 1930 साली अलेप्पोजवळच्या शेतातून खणून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांपर्यंत पोहोचते. खणूनच काढावी लागली, कारण हा प्राणी बहुतेक वेळ जमिनीखालच्या थंड बिळात असतो. त्याला साधारण 20 ते 24 अंश मानवतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या गॅलरीत तो उष्माघाताने जाऊ शकतो. तळमजल्यावरची खोली, पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा एक तुकडा आणि पिंजऱ्याबाहेर पाण्याने भरलेला माठ एवढे तरी करावे. डिसेंबर-जानेवारीत उलट होते: कडाक्याच्या थंडीत तो गारठून निपचित पडतो आणि लोक मेला समजतात. अशा वेळी ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

दुकानात गिनीपिगही आहेत आणि त्यांच्यासाठी हॅमस्टरचेच दाणे दिले जातात, हा सरळसरळ निष्काळजीपणा आहे. गिनीपिगचे शरीर माणसाप्रमाणेच ‘क’ जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. त्याला पोटभर वाळके गवत आणि रोज थोडी ढोबळी मिरची किंवा कोथिंबीर हवी. लसूणघास आपल्याकडे सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम भरपूर असल्याने मोठ्या गिनीपिगला रोज दिल्यास मूतखड्याचा धोका वाढतो. द्राक्षे हंगामात कितीही स्वस्त झाली तरी एखाद्या फोडीपलीकडे देऊ नयेत.

खरेदीपूर्वीच आपल्या भागातील पशुवैद्यांना फोन करून ते कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी तपासतात का, हे विचारून घ्यावे. घरातील मुलांचे उरलेले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) औषध तर कधीही पाजू नये, कारण त्याने हॅमस्टर व गिनीपिग या दोघांच्याही आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मरतात आणि त्यातून प्राणी दगावू शकतो.

एकंदरीत प्राण्यांच्या निगेसाठी मी दुकानाला पाचपैकी चार गुण देईन, सल्ल्यासाठी एक आणि किटला शून्य. आग्रह मोडून काढल्यावर त्यांनी किटशिवाय प्राणी दिला, तेव्हा तेवढे ठामपणे सांगावे लागेल. दुपारी मात्र जाऊ नये. त्या वेळी झोपेतून उठवून हातात दिलेला हॅमस्टर चावतोच आणि त्यावरून त्याच्या स्वभावाचा काहीही अंदाज येत नाही. संध्याकाळी सातनंतर तो आपणहून जागा होतो आणि चालण्यात लंगडेपणा आहे का, दात सरळ आहेत का, हे नीट पाहता येते.