नागपूरच्या मोमिनपुऱ्यातलं जुन्या पुस्तकांचं दुकान: छपाईचं वेड असेल तर जाच

तुर्की सुलतानांनी छपाईवर बंदी घातली म्हणे, अशा गुप्त फर्मानांचे व्हिडिओ रात्र रात्र बघणाऱ्यांनी एकदा इथं यावं. पाटी उर्दूत आहे, पण मोमिनपुऱ्यात 'जुनी किताबंवाले चाचा' म्हटलं की कोणीही बोळ दाखवतं.

आपली हयात महाल भागातल्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवण्यात गेली, म्हणून मी पुस्तक वाचण्याआधी उलटंसुलटं करून बघतो. चाचांनी लखनौच्या नवल किशोर प्रेसचा एक फारसी दिवाण, म्हणजे कवितासंग्रह, काढून दिला. शिळाप्रेसचं, म्हणजे दगडावरून छपाईचं काम! पानामागून बोट फिरवा, खिळ्याचा दाब कुठेच लागत नाही. कातिबाचं, म्हणजे हाताने लिहिणाऱ्या लेखनिकाचं अक्षर जसंच्या तसं दगडावरून उतरलेलं, समासात तिरप्या ओळींत टीपा, आणि खाली डाव्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द, म्हणजे बांधणाऱ्याची पानं चुकू नयेत.

तुर्की सुलतान दुसऱ्या बायझीदने १४८५ साली छापणाऱ्याला देहदंड ठरवला, ही गोष्ट मी चाचांपुढे काढली. ते हसले. "पहले वो फर्मान तो दिखाओ, भाऊ." बरोबरच आहे. त्याचा मूळ कागद आजवर कुणाला सापडलेला नाही. उलट १४९३ मध्ये इस्तंबूललाच ज्यूंनी हिब्रू ग्रंथ छापला होता. तुर्की पुस्तकांसाठी मात्र इस्तंबूलच्या इब्राहिम मुतेफेरिका या छापखानेवाल्याला १७२७ मध्ये परवानगी मिळाली, तीही धर्मग्रंथ वगळून. त्याचं पहिलं पुस्तक, एक शब्दकोश, १७२९ मध्ये निघालं.

तुर्की छपाईला इतका उशीर का झाला, याची कारणं पंडितांनी शोधावीत. जुळारी म्हणून मला अडचण केसमध्येच, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतच दिसते. अरबी लिपीत शब्दातली जागा बदलली की अक्षराचं रूप बदलणार, म्हणजे एकेका अक्षराचे तीन-चार खिळे; त्यात फारसी-उर्दूच्या नस्तालीक वळणाची ओळ उतरती. आमची जोडाक्षरांनीच दमछाक व्हायची! मग एकोणिसाव्या शतकात लखनौवाल्यांनी दगड उचलला, यात नवल ते काय?

आता तक्रारी. भाव अंदाजाने सांगतात, घासाघीस केल्याशिवाय घेऊ नका. कसर लागलेली पुस्तकं चांगल्या गठ्ठ्यातच ठेवलेली असतात, हे तर मला अजिबात पटलं नाही. बसायला जागा नाही, धूळ भरपूर. पण घ्या म्हणून मागे लागत नाहीत, पान उलगडून दाखवायला कंटाळत नाहीत. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, शटर खाली असतं.