४३ इंची फोर-के एलईडी टीव्ही: रंगात पास, काळ्यात नापास

लग्नाच्या अल्बमचं कलर करेक्शन हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे टीव्हीत मी आधी माणसांचे चेहरे बघतो. संच तीस हजारांच्या आतबाहेरचा. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, कारण जे लिहितोय ते या किमतीतल्या बऱ्याच संचांना लागू पडेल.

दुकानात टीव्ही ‘व्हिव्हिड’ या भडक रंगांच्या मोडवर लावलेला असतो. त्यात चेहरे निळसर गोरे आणि हळद लागलेली नवरी लिंबासारखी दिसते. घरी मोड ‘सिनेमा’, कलर टेम्परेचर ‘वॉर्म’ आणि शार्पनेस जवळपास शून्य केला. आधी सगळ्यांना चित्र मळकट वाटलं. आता चुकून व्हिव्हिड लागलं तर आईच ओरडते, “ते भडक बंद कर.” या सेटिंगवर सावळा माणूस सावळा दिसतो, हळदीचा पिवळा आणि झेंडूचा केशरी वेगवेगळे कळतात. या पैशात एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

खोक्यावर एचडीआर (म्हणजे लख्ख उजेड आणि गडद अंधार दोन्ही नीट दाखवणारं चित्र) छापलंय, ते मात्र मनावर घेऊ नका. सिग्नल घेतो, नाही असं नाही. पण एचडीआर सिनेमे बहुतेक वेळा १००० निट्स किंवा त्याहून जास्त उजेड धरून तयार करतात आणि हा पॅनल ३०० च्या आसपासच दमतो. शिवाय लोकल डिमिंग नाही, म्हणजे पडद्याचा एकच भाग अंधारा ठेवायची सोय नाही. अंधाऱ्या वाड्यात कंदील घेऊन कुणी चाललं की कंदील बेताचा आणि अंधार राखाडी. दिवे घालवून बघायची हौस असेल तर त्रास होईल. मी टीव्हीमागे मंद दिवा लावतो, मग तो राखाडी तितका डोळ्यात येत नाही.

आणि हा व्हीए पॅनल आहे; व्हीए आणि आयपीएस हे एलईडी टीव्हीच्या पडद्याचे दोन नेहमीचे प्रकार. समोरून काळा आयपीएसपेक्षा गडद, पण बाजूच्या दिवाणावरून बघितलं की रंग उडतात. हॉलभर माणसं पसरून बसणारं घर असेल तर आयपीएसच घ्या.

क्रिकेट ठीक. मोशन स्मूदिंग (मधली चित्रं स्वतः भरून हालचाल गुळगुळीत करायची सोय) चालू ठेवलं तर बॅटीच्या कडेला भुतासारखी सावली दिसते आणि सिनेमा टीव्ही मालिकेसारखा वाटतो, बंदच करा. एसडी, म्हणजे एचडी नसलेल्या साध्या चॅनलची मात्र दैना. ५७६ रेषा ताणून २१६० करायच्या, मग निवेदिकेचं नाक आणि गाल एक होणारच. एचडी पॅक घ्यावा लागतो, तो खर्च धरून चाला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे जुन्या किमतीवर ‘सूट’ सांगितली तर हिशेब करा. जाताना पेन ड्राइव्हवर घरच्या माणसांचे दोन-चार फोटो आणि एक पूर्ण काळा फोटो न्या. दुकानदार कुरकुरतो, पण लावून दाखवतो.