कार्यालयातली हजेरी की घरभेट?
प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या अटीवर न्यायालयाने सोडलेल्या माणसावर देखरेख ठेवताना प्रोबेशन अधिकाऱ्याला कार्यालयातली हजेरी सोपी पडते: सही, नोकरीचा पुरावा, पुढची तारीख. पण तिथे माणूस तयारीनेच येतो आणि नोंदीत ‘सगळं ठीक’ एवढंच उरतं. घरभेटीत अर्धा दिवस जातो, तरी दिलेला पत्ता खरा आहे का, आई उत्तर देण्याआधी मुलाकडे बघते का, हे तिथेच कळतं. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत घरभेटी जास्त हव्यात. निघताना सहकाऱ्याला पत्ता आणि परतायची वेळ सांगावी. धोका नसेल तर गणवेशातला पोलीस सोबत नको. शेजारी बोभाटा झाला की भाड्याची खोली जाते आणि माणूस संपर्कातून सुटतो. नोंद त्याच दिवशी करावी, पाहिलेलं वेगळं आणि ऐकलेलं वेगळं. न्यायालयात प्रश्न त्यावरच येतात.