पुणे–देवरुख, दहा महिने: ईव्हीसाठी रूट प्लॅनर निवडताना

आमची नेक्सॉन ईव्ही ४०.५ किलोवॉट-तास बॅटरीची आहे. शहरात फिरायला प्लॅनर लागतच नाही, रात्री घरी चार्जिंग केलं की झालं. प्रश्न येतो तो गावी जाताना. पुणे, सातारा, कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा आणि मग देवरुख, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. एका चार्जमध्ये गाडी पोहोचेलही कदाचित, पण या 'कदाचित'वर आईवडिलांना मागे बसवून घाट उतरायची माझी तयारी नाही. म्हणून दहा महिन्यांत या रस्त्यावर आठ फेऱ्या करताना तीन ॲप्स सतत वापरली: ए बेटर रूट प्लॅनर, प्लगशेअर (यात चार्जर शोधता येतात आणि वापरणारे तिथल्या नोंदी करतात) आणि गूगल मॅप्स.

हिशेबासाठी मला पहिलंच सर्वांत जास्त पटलं. ते मूळचं स्वीडनचं, २०२३ मध्ये रिव्हियन या अमेरिकी ईव्ही कंपनीने विकत घेतलं. गाडीचं मॉडेल, निघतानाचे टक्के, चार्जरवर आणि मुक्कामी किमान किती टक्के उरायला हवेत, एवढं भरलं की प्रत्येक टप्प्याला किती उरतील ते सांगतं. मुख्य म्हणजे चढ-उतार धरतं. आमच्या रस्त्यावर हेच निर्णायक आहे. माणसं-सामानासकट सतराशे किलोची गाडी पाचशे मीटर वर चढवायला नुसत्या उंचीपायी सव्वादोन-अडीच युनिट जातात, म्हणजे आमच्या बॅटरीचे सहाएक टक्के. उतरताना रिजनमुळे, म्हणजे ब्रेक लावताना मोटरने बॅटरीत परत भरलेल्या विजेमुळे, त्यातलं निम्म्याहून अधिक परत मिळतं, सगळं नाही. कराड–देवरुख जाताना मला ३४ टक्के लागतात, तोच रस्ता येताना ४३. एका चार्जमध्ये इतके किलोमीटर, असा रेंजचा एकच आकडा धरून चालणाऱ्याला हा फरक घाटात कळतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मात्र सेटिंग्ज आपल्या हाताने बदला. ११० च्या वेगाला किलोमीटरमागे किती वॉट-तास लागतात, हा त्यातला पायाभूत आकडा. मी सुरुवातीला तो होता तसाच ठेवला आणि पहिल्या दोन फेऱ्यांत अंदाज सात-आठ टक्क्यांनी चुकला. मग गाडीच्या पडद्यावरची सरासरी बघून तो वाढवला, कमाल वेग ९० केला, सामानाचं वजन घातलं. आता फरक दोन-तीन टक्क्यांचा पडतो. मुसळधार पावसात एसी लावून काच साफ ठेवावी लागते, तेव्हा मी वर आणखी पाच टक्के धरतो. चार्जरवर पोहोचताना १० टक्के पुरतील, ही मूळ सेटिंग आपल्याकडे नको. मी २५ ठेवतो.

हे २५ टक्के गणपतीत कामी आले. कराडजवळ एका हॉटेलच्या आवारातला चार्जर तो चालवणाऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये 'उपलब्ध' दिसत होता. पोहोचलो तर स्क्रीन काळी, बाहेर धो धो पाऊस, आणि वॉचमन म्हणाला, "दोन दिवस झाले बंद आहे, साहेब." गाडीत ३६ टक्के होते म्हणून शांतपणे दुसरा चार्जर गाठता आला. रात्री प्लगशेअर उघडलं, तर कुणीतरी आदल्याच दिवशी 'बंद' अशी नोंद केलेली! हिशेब कितीही अचूक असला तरी चार्जर चालू आहे का, हे तिथे नुकताच जाऊन आलेला माणूसच सांगू शकतो. तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री शेवटची नोंद कधीची आहे ते बघतो. आठवड्याहून जुनी असेल तर हॉटेललाच फोन करतो. एकच गन (गाडीला लावायचा चार्जिंगचा प्लग) असलेल्या ठिकाणापेक्षा दोन गन असलेलं ठिकाण दहा किलोमीटर लांब असलं तरी पत्करतो. आणि ज्या कंपनीचा चार्जर असेल तिच्या ॲपच्या वॉलेटमध्ये घरूनच पैसे भरून ठेवतो, कारण मोबाइलला रेंज नसलेल्या ठिकाणी ओटीपीची वाट बघत उभं राहणं फार जिवावर येतं.

प्रत्यक्ष गाडी चालवताना मात्र गूगल मॅप्सच. खंबाटकीच्या अलीकडे वाहनांची रांग लागलीय का, हे तेच नीट सांगतं. आमच्या गाडीला फास्ट चार्जिंगसाठी लागणारी सीसीएस-२ प्रकारची गन निवडून चार्जरही शोधता येतात, पण बॅटरीचं गणित मी त्याच्यावर सोडत नाही.

थांब्याची वेळ प्लॅनरने सुचवली तर ती पाळा. २० ते ८० टक्के मला पाऊण तासात होतात, पुढचे वीस टक्के जवळपास तेवढाच वेळ खातात. आईवडिलांचं जेवण पाऊण तासात आटोपतं, त्यामुळे ८० ला निघतो. देवरुखला १५ अँपियरच्या प्लगवर रात्रभर लावली की पुढची चिंता नसते. फक्त पावसाळ्यात वीज जाते, म्हणून पोहोचल्या पोहोचल्या लावायची, सकाळवर ढकलायचं नाही.

ए बेटर रूट प्लॅनरची पैसे भरून घेण्याची आवृत्तीही आहे. मी एक महिना घेऊन पाहिली. नेहमीच्या रस्त्यावर गरज नाही, अनोळखी घाटात जाणार असाल तर जरूर घ्या.

आणि चार्जिंग झालं की प्लगशेअरवर दोन ओळी लिहा: कोणती गन चालली, किती किलोवॉट मिळाले, रात्री तिथे उजेड असतो का. मी आता गाडी सुरू करायच्या आधी हे लिहितो.